बिबट्याची विष्ठा गोळा करणारा माणूस 'एन्व्हायर्नमेंट मॅनेजर' होऊ शकतो का?

सडेफटिंग, मुलुंड

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच, आणि तेही स्वतःची रड घेऊन.

वय ३१. झूलॉजीत एमएस्सी, त्यानंतर सात वर्षं वेगवेगळ्या प्रकल्पांवर वन्यजीव संशोधन. पहिली दोन कोयनेच्या बाजूला, उरलेली पाच येऊर आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात. काम बिबट्याचं, पण लोकांना वाटतं तसं बिबट्या बघण्याचं नाही. पाच वर्षांत तो मला अकरा वेळा दिसला, त्यातही दोनदा नुसती शेपटी. माझं खरं काम त्याच्या विष्ठेचं. पहाटे साडेपाचला पायवाट धरायची, विष्ठा सापडली की जीपीएस नोंद, फोटो, कागदी पाकीट. मग ती वाळवायची, धुवायची, चाळणीत गाळून केस वेगळे करायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली केसाच्या गाभ्याची नक्षी बघून सांगायचं की हा चितळ, हा सांबर, आणि हा कुठल्यातरी सोसायटीच्या गेटवरचा मोती. जोडीला कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे. तेही वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर, कारण बिबट्याच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे ठिपके सारखे नसतात. एकच बाजू मिळाली तर ओळख अर्धवट राहते.

हे सगळं मला मनापासून आवडतं, हे आधी सांगून ठेवतो.

पण दर अकरा महिन्यांनी करार संपतो. गेल्या वर्षी दोन करारांच्या मध्ये चार महिने कोरडे गेले. पीएचडी करणाऱ्या मित्रांना जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीचे महिना ३७,००० तरी मिळतात, मी प्रकल्प सहायक, माझं त्याहून कमी. बाबा बेस्टमधून निवृत्त झालेत. घरात लग्नाचा विषय निघालाय. मुलीकडच्यांना काय सांगायचं म्हणून मामाने परस्पर 'फॉरेस्टमध्ये आहे' असं ठोकून दिलं. ते म्हणाले, 'वा, कुठली पोस्ट?' तिथे मामा गप्प.

आता एका बांधकाम कंपनीकडून बोलावणं आलंय. ठाण्याच्या पुढे रस्त्याचं काम सुरू होणार आहे, तिथे पर्यावरण विभागात. पगार आत्ताच्या दुपटीला थोडा कमी, पीएफ, मेडिक्लेम. मुलाखतीत विचारलं, 'कम्प्लायन्स सांभाळाल का?' मी ठामपणे 'हो' म्हणालो आणि परतीच्या गाडीत ठाणे येईपर्यंत मोबाईलवर शोधत होतो की कम्प्लायन्स म्हणजे नेमकं काय सांभाळायचं.

मित्र म्हणतात, विकला गेलास. पाच वर्षं माझ्यासोबत फिरलेले पाड्यावरचे काका, ज्यांनी मला खरं तर सगळं शिकवलं, ते म्हणाले, 'जा की. रस्त्याच्या साहेबाजवळ बसशील तर आमच्या पाड्याच्या रस्त्याचं पण बघ.' यावर काय बोलावं ते सुचलं नाही.

या वाटेने कुणी गेलंय का? जंगलात शिकलेलं तिथे काही कामाला येतं, की नुसती सही करायला माणूस हवा असतो? परत येता येतं का?

लोकल ९.१५

बिबट्याची विष्ठा सात वर्षं धुतलीत ना, मग कॉर्पोरेटमध्ये नवीन काही नाही. इथे ती पॉवरपॉइंटमध्ये असते एवढंच.

(सॉरी. शुभेच्छा. जाणकार येतील मागून.)

पोटखराबा, नवी मुंबई

तुमचं सदस्यनाव वाचून हसले, कारण मी खरोखरच सड्यावरची आहे. बेडूक. २००१ ते २००७, आंबोली आणि खाली रत्नागिरी-देवगडकडचे कातळसडे, म्हणजे खडकाळ पठारं. माझं नाव असं का ते पुढे कळेल.

जंगलात शिकलेलं कामाला येतं, पण आपल्याला वाटतं ते नाही. केसाची नक्षी तुम्हाला कुणी विचारणार नाही. मला बेडकांचे आवाज ओळखता यायचे, त्याचा उपयोग ऑफिसच्या सहलीत झाला. कामाला येते ती एक खोड. कुठलाही आकडा समोर आला की 'हा कधी घेतला, कुठे उभं राहून घेतला, किती वेळा घेतला' असं विचारल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही, ती.

२००८ मध्ये घराच्या हप्त्यासाठी मी एका सल्लागार कंपनीत लागले. पहिल्याच आठवड्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल हातात दिला. म्हणाले, इकॉलॉजीच्या प्रकरणाची जरा भाषा बघा. प्राण्यांच्या यादीत काळवीट! रत्नागिरीत! चौकशी केली तर आधीचा अहवाल सोलापूरकडचा होता, त्याच फाइलला नवं नाव देऊन हा झाला होता. काळवीट खोडायला मला पाच सेकंद लागले. पण खरी चूक ती नव्हतीच.

जागेचं वर्णन होतं, 'खडकाळ, नापीक, तुरळक गवत'. सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला निकामी. आणि पाहणीचा काळ मार्च ते मे. ईआयएची, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्या अभ्यासाची, २००६ ची अधिसूचना आहे, तिच्या चौकटीत बहुतेक प्रकल्पांना एकाच ऋतूची माहिती पुरते, आणि तो ऋतू पावसाळा सोडून कुठलाही. हवेच्या मोजमापाला हे बरोबर आहे, पावसात धूळ बसते, आकडे उगाच चांगले येतात. पण तोच नियम सड्याला लावला की काय होतं? मार्चमध्ये सडा म्हणजे तापलेला तवा. जूनमध्ये त्याच कातळावर डबकी भरतात, ऑगस्टमध्ये सीतेच्या आसवांच्या फुलांनी तो निळा होतो, दगड उलटला तर खाली देवगांडूळ, गांडुळासारखा दिसणारा बिनपायांचा उभयचर. आंबोलीचा तो टोड, ज्याला शास्त्रीय नाव २००९ मध्ये मिळालं (आमच्या वहीत तोवर तो नुसता 'पट्टेवाला' होता), तो अंडी घालतो पहिल्या पावसात कातळावर साचलेल्या बोटभर पाण्यात. थोड्या दिवसांचा कारभार. मे महिन्यात तिथे उभं राहून कुणीही शपथेवर लिहून देईल, 'उभयचर: आढळले नाहीत'. यात एक अक्षर खोटं नाही, म्हणून पकडताही येत नाही.

मी साहेबांकडे गेले आणि वीस मिनिटं प्रदेशनिष्ठ, म्हणजे त्या एकाच भागात सापडणाऱ्या, प्रजातींवर बोलले. त्यांनी चहा मागवला. 'फार इंटरेस्टिंग,' म्हणाले. अहवाल तसाच गेला, फक्त काळवीट वगळून.

सहा महिन्यांनी तसाच दुसरा सडा आला. या वेळी टीओआर ठरायच्या आधीच गेले, म्हणजे कशाचा अभ्यास करायचा हे कागदावर येण्यापूर्वी, आणि बेडूक हा शब्द तोंडातून काढला नाही. म्हटलं, सर, सड्यावर मुरलेलं पाणी खालच्या वाडीच्या विहिरींना जातं. जनसुनावणीत लोक पहिलं तेच विचारणार. उत्तर नसेल तर कोर्ट, आणि कोर्ट म्हणजे यंत्रं उभी. जुलैत चार माणसं चार दिवस पाठवू. त्यांनी तिथल्या तिथे मान्य केलं. चार दिवसांतले दोन विहिरींना दिले, दोन डबक्यांना. त्यातून एवढंच साधलं की वर्कशॉप आणि कामगारांची वस्ती डबक्यांच्या पट्ट्यावरून हलली. बाकीचा सडा गेला. त्या वाटेने मी आजही जात नाही, पावसला जायचं झालं तर वळसा घालते.

पुढे २०१० मध्ये हरित लवाद आला, मंजुरीविरुद्ध तीस दिवसांत अपील तिथे करता येतं, तसा या भाषेला आणखी भाव आला. आज मी जाते तेव्हा माझ्याआधी लवादाची भीती खोलीत येऊन बसलेली असते. मला ती सोयीची पडते.

तुमच्या नोकरीतला रोजचा दिवस कसा असेल ते सांगते, म्हणजे पहिल्या महिन्यात रडू येणार नाही. डंपरवर ताडपत्री आहे का. जनरेटरची चिमणी पुरेशी उंच आहे का. वापरलेलं इंजिन ऑइल कुठे ठेवलंय, कुणाला दिलं, पावती कुठे. वस्तीजवळ रात्री आवाज ४५ डेसिबलच्या वर गेला की फोन तुम्हाला येणार. कामगारांच्या संडासांचं पाणी नाल्यात तर जात नाही ना. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीपत्रं. आणि पर्यावरण मंजुरीच्या अटी पाळल्याचा सहामाही अहवाल, १ जून आणि १ डिसेंबर. या दोन तारखांना कुणाचं लग्न असलं तरी मी जात नाही. पूर्ण दिवस वन्यजीवांचा असा महिन्यातून दोनदा येतो.

पण ते दोन दिवस मोलाचे असतात. आमच्या रस्त्यावर एका ओढ्याला साधा पाइप टाकणार होते. त्या ओढ्यातून कोल्ह्यांची ये-जा होती, पावलं मी पाहिली होती. पेंचमधून जाणाऱ्या महामार्ग ४४ वर प्राण्यांसाठी नऊ वाटा ठेवल्या आहेत, डेहराडूनच्या वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावले तर वाघासकट १८ जातींचे वन्यप्राणी खालून जाताना सापडले. ते फोटो मी बैठकीत नेले. आमची वाट पेंचसारखी नाही, माणूस वाकून जाईल एवढीच पेटीसारखी मोरी मिळाली. तिथे स्वतःच्या पैशाने घेतलेले दोन कॅमेरे लावले. पहिले आठ महिने फक्त कुत्री आणि एक प्रेमी युगुल. मग उदमांजर. दुसऱ्या वर्षी कोल्हा. तिसऱ्या पावसाळ्यानंतर एकदा रात्री २.४० ला बिबट्या, तोंडात काहीतरी धरून. तो फोटो मी साइटवरच्या जेसीबीवाल्याला दाखवला, त्याने गावच्या ग्रुपवर टाकला.

आता तोटा. तो बिबट्या मी कुठल्याही शोधनिबंधात घालू शकत नाही. कॅमेरे माझे, पण माहिती क्लायंटची, तसं करारात आहे. अकरा वर्षांच्या नोंदी कंपनीच्या सर्व्हरवर आहेत आणि मी नोकरी सोडली की मलाही उघडता येणार नाहीत. जंगल सुटलं याचं नाही, याचं दुखतं. तुम्ही सही करण्यापूर्वी एवढं तरी विचारून घ्या: प्रजातींच्या नोंदी, जागेचं नेमकं ठिकाण न सांगता, खुल्या संग्रहांत टाकू द्याल का? मी विचारलं नव्हतं.

आणि 'विकला गेलास'. मलाही असंच म्हणणाऱ्या एका सहकाऱ्याने चार वर्षांनी फोन केला, 'तुझ्याकडे सड्यांची पावसाळी माहिती आहे म्हणे, मिळेल का?'

दर जूनमध्ये मी सहा दिवस रजा टाकते आणि आंबोलीला जाते. अर्जात 'घरगुती कारण' लिहिते.

सडेफटिंग

ताई, हे मी दोनदा वाचलं. नोंदींच्या मालकीचा प्रश्न डोक्यातही आला नव्हता. एक विचारतो: प्रश्न विचारायची खोड म्हणता, पण तिथे नव्या माणसाचं ऐकतं कोण?

पोटखराबा, नवी मुंबई

पहिलं वर्ष कुणीच नाही. तोवर ताडपत्र्या नीट बांधून घ्या. ताडपत्रीचं ऐकायला लागले की मग ओढ्याचंही ऐकतात.

मोरीवाला, डोंबिवली

मी सिव्हिल इंजिनिअर, सव्वीस वर्षं रस्त्यांवर. पलीकडच्या बाजूने सांगतो, ताईंना राग येऊ नये.

तुम्ही लोक आमच्याकडे फार उशिरा येता. टेंडर निघालं, बीओक्यू, म्हणजे कामांची आणि मापांची यादी, गोठली, ठेकेदाराने दर भरले, आणि मग इकॉलॉजिस्ट साइटवर येऊन म्हणतो, ही मोरी रुंद करा. चांगली सूचना असते हो. पण आता ती 'व्हेरिएशन', म्हणजे ठरलेल्या करारात बदल, झाली. फाइल चार टेबलं फिरणार, ऑडिटवाला विचारणार आधी का नाही सुचलं, आणि ती मंजूर होईपर्यंत आमचा भराव होऊन गेलेला असतो. हीच मोरी डिझाइनच्या वेळी मागितली असती तर कुणी मान वर करून पाहिलंही नसतं. म्हणून कंपनीला एकच विचारा, तुमचा माणूस ड्रॉइंगच्या टेबलावर बसतो की खड्डा खणल्यावर येतो?

दुसरं, ड्रॉइंग वाचायला शिका. एका साइटवर आलेल्या अभ्यासक बाईंनी मला लिहून पाठवलं होतं, 'मोठ्या उंबराच्या अलीकडचा ओढा वाचवा.' मी तीन किलोमीटर उंबर शोधत फिरलो, चार सापडले. आमच्याकडे जागा चेनेजवर, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनच्या अंतरावर, चालते. '१२+३४०, डावी बाजू' असं लिहा, मग ओव्हरसिअरपासून पोकलेनवाल्यापर्यंत सगळ्यांना एकच ओढा दिसतो. प्लॅन, उभा छेद, आडवा छेद, एवढं आलं तरी पुष्कळ. एका रविवारी शिकवतो, डोंबिवलीला या. मिसळ तुमची.

नॅबेटग्रस्त

थोडं व्यावहारिक. ठेकेदाराच्या पर्यावरण विभागात जायचं तर ताई म्हणतात तेच काम. सल्लागार कंपनीत जायचं तर नॅबेट या पर्यावरण सल्लागारांना मान्यता देणाऱ्या मंडळाची मान्यता असते, तिथे 'इकॉलॉजी अँड बायोडायव्हर्सिटी' या विषयाचे तज्ज्ञ म्हणून नाव लागावं लागतं. तुमची एमएस्सी आणि सात वर्षं त्याला उपयोगी पडतील. प्रकल्प अहवाल, शोधनिबंध, अनुभवाची पत्रं आत्ताच गोळा करा. जुने मार्गदर्शक निवृत्त झाले की पत्र मिळवणं म्हणजे बिबट्या शोधण्यापेक्षा अवघड.

फुकटात शिकायचं असेल तर परिवेश हे सरकारचं पर्यावरण मंजुऱ्यांचं पोर्टल उघडा आणि आपल्या भागातल्या प्रकल्पांची मंजुरीपत्रं वाचा, तज्ज्ञ समितीच्या बैठकांची इतिवृत्तंसुद्धा. कुठला प्रश्न विचारला गेला आणि काय उत्तरावर तो मिटला, ते कळतं. पन्नास वाचा, कुठल्याही डिप्लोम्यापेक्षा जास्त कळेल. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर येत नसेल तर आजपासून.

परदेशी कर्जावरच्या प्रकल्पांकडे लक्ष ठेवा. जागतिक बँक आणि तिच्याच गटातली आयएफसी यांची जैवविविधतेची स्वतःची मानकं आहेत आणि आपल्या एका ऋतूच्या पाहणीवर त्यांचं सहसा भागत नाही. तिथे तुमच्यासारख्याला खरं काम मिळतं, पैसेही बरे. शिवाय सेबीच्या नियमाने सर्वांत मोठ्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना शाश्वततेचा वार्षिक अहवाल द्यावा लागतो, त्यातही आता आपल्या लोकांना बोलावतात. ते काम मात्र बसून करायचं आहे आणि पाठ दुखते.

ताईंच्या ऋतूच्या मुद्द्याला जोडून: पवनचक्क्यांना तर २००६ च्या अधिसूचनेखाली मंजुरी लागतच नाही. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी कमी झाले, त्यामुळे सरडे वाढले, आणि त्या सरड्यांचं वागणंसुद्धा बदललं, माणूस जवळ गेला तरी लवकर पळेनात. पात्याखाली मेलेले पक्षी मोजणाऱ्याला सरडा दिसला नसता. हा प्रश्न सुचायला आधी काही वर्षं उन्हात सरडे बघावे लागतात.

तिवर, ऐरोली

मी उलटी आले, म्हणून लिहिते. चार वर्षं एका कंपनीत पर्यावरण अधिकारी होते, आता खाडीवर पक्षी मोजते. परत येता येतं. पगार निम्मा झाला, सासूबाई अजून लोकांना जुनीच नोकरी सांगतात. पण कंपनीतली चार वर्षं फुकट गेली नाहीत. ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, त्यानंतर आजूबाजूला कुठल्या कामाची फाइल हलते हे मला आमच्या गटात सगळ्यांच्या आधी कळतं. कारण फाइल कशी हलते हे मी आतून पाहिलंय. कुठली अट 'करावे' आहे आणि कुठली 'करता येईल' आहे, ते मी आधी वाचते. भरतीचं वेळापत्रक नंतर.

एवढं करा, परतीसाठी लोकांशी संपर्क तोडू नका. मी तोडला होता, लाजेने. पुन्हा जोडायला वर्ष गेलं.

सडेफटिंग

सगळ्यांचे आभार. काल कंपनीला फोन केला. दोनच प्रश्न विचारले. नोंदी खुल्या संग्रहात टाकता येतील का? एचआरच्या बाई म्हणाल्या, 'हे कुणी विचारलं नव्हतं, लीगलला विचारून सांगते.' आणि मोऱ्यांचं डिझाइन झालंय का? त्यावर त्यांनी फोन प्रोजेक्टच्या साहेबांकडे दिला. ते म्हणाले, 'अर्ध्या झाल्यात. उरलेल्या अर्ध्यांसाठी पुढच्या महिन्यात बसतोय. तुम्हाला मोरीत काय रस?' मी म्हटलं, सर, त्यातून कोण जातं ते मला साधारण माहीत आहे.

लीगलचं उत्तर आलं की कळवतो. मोरीवाले काका, या रविवारी येतो.

पाड्यावरच्या काकांना भेटून आलो. त्यांच्या रस्त्याचं माझ्या हातात काही नाही हे सांगितलं, तर म्हणाले, 'माहीत आहे रे. पण कुठे अर्ज करायचा, कुणाच्या टेबलावर, ते तरी बघून ठेव.' ते बघून ठेवणार आहे.

आई विचारतेय, माळ्यावरचा पाकिटांचा खोका आता तरी हलणार का. आमच्या प्रकल्पाच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, अजून ६३ पाकिटं बघायची राहिलीत, नोकरी लागली तरी शनिवारी येऊन धुवायची.

लोकल ९.१५

मुलीकडच्यांना यातलं शनिवारचं सांगू नका.